डोंगर चढून आल्यावर

"वहिनी, सहाशे चाळीस," उत्तम दारातूनच म्हणाला आणि त्याने मनगट माझ्यासमोर धरलं.

सकाळचे पावणेआठ झाले होते. अजिंक्यतारा चढून-उतरून तो आला होता. घामाने शर्ट पोटाला चिकटलेला, कानाच्या पाळ्या लाल, आणि चेहऱ्यावर चित्रकलेत बक्षीस मिळालेल्या पोराचा भाव. मनगटावर काळं घड्याळ. कुस्तीवाल्या मित्रांनी मिळून त्याला ते भेट दिलं होतं. ते पावलं मोजायचं, नाडी मोजायचं, आणि अंगातल्या किती कॅलरी जळल्या तेही सांगायचं.

मी परातीत भाकरी थापत होते. मान वर न करता म्हटलं, "बरं मग?"

"मग काही नाही. दीड हजार कॅलरीत भागवा म्हणतात, पण मी सहाशे जाळून आलोय. त्यातलं थोडं तरी परत खायला नको का? एखादी भाकरी?"

"भूक घड्याळाला लागलीय की तुम्हाला?"

तो हसला. त्याला काहीही बोललं तरी तो हसायचा. अपमान कळायलासुद्धा थोडी अक्कल लागते, असं मी त्या काळात मनातल्या मनात म्हणायचे. काही वेळा मोठ्यानेही.

उत्तम शेडगे हा माझा धाकटा दीर. नावापलीकडे त्याच्यात उत्तम असं काही नाही, हे माझं मत लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच पक्कं झालं होतं. सासू-सासरे आधीच गेलेले. जयसिंगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, धाकट्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. माझ्या संसाराची पहिली सहा वर्षं तो आमच्याच घरात होता. दोन नोकऱ्या धरल्या, दोन्ही सोडल्या. मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं, ते मित्रांच्या गप्पांत बुडालं. लग्न जमलं नाही. शेवटी कुस्तीच्या मैदानांवर निवेदन करायला लागला. गावोगावच्या जत्रा, लाल माती, आणि हातात माइक घेऊन हा ओरडतोय. लोक म्हणायचे, शेडगेंचा आवाज आला की मैदान उभं राहतं. मी गणिताची शिक्षिका. आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाला मी मनात कितवी जागा दिली असेल, ते सांगायला नको. वजन त्र्याण्णव किलो. कसलं व्यसन नव्हतं त्याला, हे जयसिंग अभिमानाने सांगायचा. खाणं व्यसनात धरत नाहीत म्हणून, हे मी म्हणायचे.

आणि नशिबाने असा डाव टाकला की जयसिंगचा जीव याच माणसाच्या पोटात येऊन बसला.

जयसिंग पाटबंधारे खात्यात होता. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. पण तरुणपणी झालेल्या काविळीचा विषाणू अंगात राहून गेला होता, आणि त्याने पंचवीस वर्षं गुपचूप यकृत पोखरलं. आम्हाला कळलं तेव्हा पोटात पाणी भरलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की यकृत बदलण्याखेरीज इलाज नाही, आणि जवळच्या नातेवाइकाने तुकडा दिला तर सगळ्यात लवकर होईल. माझा रक्तगट जुळला नाही. मूलबाळ आम्हाला नाही. उत्तमचा रक्तगट जुळला. बाकीही सगळं जुळलं, फक्त त्याच्या यकृतावर चरबी होती. आठ आठवड्यांत दहा किलो उतरवा, मग पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले.

आहार ठरवून देणाऱ्या बाई होत्या केतकी सोमण. तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर सगळं लिहून दिलं, दिवसाला दीड हजार कॅलरी आणि रोज तासभर चालणं. उत्तमने तिथल्या तिथे त्यांना माझा नंबर दिला. काही बदल असला तर वहिनींना सांगा म्हणाला, माझं खाणंपिणं आता सगळं त्यांच्या हातात.

तो सामान घेऊन पुन्हा आमच्या घरी राहायला आला. मी वजनकाटा आणला, स्वयंपाकघरातला, ग्रॅममध्ये दाखवणारा. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी एक भाकरी, वरण, काकडी, संध्याकाळी पुन्हा एक भाकरी, भाजी, ताक. मी वरण वाटीत ओतून काट्यावर ठेवायचे आणि जास्त असलं तर चमचाभर काढून घ्यायचे. तो बघत बसायचा. आतल्या खोलीतून जयसिंग विचारायचा, जेवला का रे? हा मोठ्याने म्हणायचा, पोटभर.

पहिल्या दोन आठवड्यांत चार किलो उतरले. तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना. उत्तम घाबरला. दादाचे दिवस चाललेत, म्हणाला, आणि संध्याकाळीही अजिंक्यतारा चढायला लागला. दिवसातून दोनदा डोंगर. घड्याळ आता अकराशे, बाराशे असले आकडे दाखवायला लागलं. आणि रोजचा तोच वाद. तो म्हणायचा, एवढं जाळल्यावर त्यातलं काहीतरी परत पोटात जायला पाहिजे, आमचे पैलवान मेहनत वाढली की खुराक वाढवतात. मी म्हणायचे, पैलवानांना वजन उतरवायचं नसतं. जाळलेलं परत खायचं तर जाळलं कशाला? मग घरीच बसा ना.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे रंगवून सांगायचे. बाकीच्या बायका डोळे पुसेपर्यंत हसायच्या. घड्याळ दाखवून भाकरी मागणारा दीर. मला ते सांगताना फार बरं वाटायचं. घरी नवरा पिवळा पडत चाललेला, रात्रंदिवस त्याच्या अंगाला खाज, आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नाही. फक्त याचं ताट माझ्या हातात होतं.

चौथ्या आठवड्यात एकदा तो काकुळतीने म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सोमण मॅडमना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मी फोन घेऊन गच्चीत गेले. पाच-सात मिनिटं बोलले. खाली आले तेव्हा तो पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "जाळलेलं परत खायचं नाही."

त्याने मान हलवली. शब्द दिला होता तसा पाळला. त्यानंतर त्याने एकदाही भाकरी मागितली नाही. मनगट पुढे करणंही थांबवलं. सकाळी जायचा, यायचा, वाढलेलं खायचा, आडवा पडायचा, पुन्हा जायचा.

वजन भराभर उतरायला लागलं. सहाव्या आठवड्यात तो एक्याऐंशीवर आला होता. ठरल्यापेक्षा दोन किलो जास्त, आणि दोन आठवडे आधी. मी जयसिंगला सांगितलं की बघा, शिस्त लावली की माणूस वठणीवर येतो. जयसिंगने माझा हात हातात घेतला. तू होतीस म्हणून, म्हणाला.

उत्तमच्या गालांची हाडं वर आली होती. केस गळत होते. औंधजवळच्या एका मैदानावर तो निवेदनाला गेला आणि अर्ध्यातून परत आला. आवाजच फुटेना म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, तेवढीच शांतता. मग एका रविवारी संध्याकाळी किल्ल्यावर फिरायला जाणाऱ्या दोघांनी त्याला स्कूटरवर मध्ये बसवून घरी आणलं. वळणावर चक्कर येऊन पडला होता. दोन्ही तळहात सोललेले. मी जखमा धुतल्या. त्याने हळूच विचारलं की गुळाचा खडा मिळेल का. मी दिला, नखाएवढा. आणि म्हटलं, "हे कुस्तीचं मैदान नाही भावजी. इथं बघायला कोणी बसलेलं नाही."

या वेळी तो हसला नाही. गूळ तोंडात धरून उठला आणि जाऊन आडवा पडला.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं पुण्याला गेलो. जयसिंगला प्रवास झेपत नव्हता, शेजारच्यांना त्याच्याजवळ बसवलं होतं. मी जवळजवळ आनंदात होते. दिवसभर तपासण्या झाल्या. दुपारी चार वाजता डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं, आणि ते बोलायला लागले तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. चरबी कमी झालीय म्हणाले. पण यकृत सुजलंय. रक्तातले आकडे पहिल्यापेक्षा वाईट आलेत, अंगातली प्रथिनं घसरलीत, दंडा-मांड्यांचं मांस झिजलंय. इतक्या वेगात उतरवायला आम्ही सांगितलं नव्हतं. या माणसाला मी टेबलावर घेऊ शकत नाही. निदान महिना थांबावं लागेल.

महिनाभर जयसिंग थांबेल का, असं मी विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. केतकी सोमणांना भेटून या म्हणाले.

त्यांच्या छोट्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग घड्याळ मागून घेतलं आणि त्यातले गेल्या चार आठवड्यांचे आकडे बघितले. मग माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही फोन केला होतात तेव्हा मी काय सांगितलं होतं?"

मी पर्सची चेन लावायला लागले.

"हे घड्याळ वाढवून दाखवतं, म्हणून सगळं भरून देऊ नका, पण निम्मं द्या. दोनदा डोंगर चढत असतील तर एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एक अंडं जास्त, रोज. असंच सांगितलं होतं ना? उपाशी ठेवलंत तर उलटेल, हेसुद्धा बोलले होते मी. मला चांगलं आठवतंय. तुम्ही अंडी घरात करत नाही म्हणालात, म्हणून मी पनीर सुचवलं होतं."

सगळं खरं होतं. गच्चीत उभी राहून मी शब्दन्‌शब्द ऐकला होता. हो हो म्हटलं होतं. आणि जिना उतरताना माझ्या मनात आलं होतं की का द्यायचं? सहा वर्षं माझ्या हातचं फुकट खाल्लं, माझ्या नवऱ्याची माया खाल्ली, आता तरी याला उपास घडू दे. जयसिंगच्या भल्यासाठीच तर आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत मी स्वतःची खात्री पटवली होती की त्या पोरगेल्या बाईपेक्षा मला जास्त कळतं.

उत्तम माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या नजरेला नजर देता येईना. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले आणि तो बोलायची वाट बघत राहिले. चार हजार माणसांसमोर न अडखळणारा त्याचा आवाज आता माझं नाव घेणार होता.

"वहिनी द्यायच्या," तो म्हणाला. "मीच खात नव्हतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"ताटात वाढलेलं असायचं. मी मागच्या दाराने कुत्र्याला घालायचो. वाटलं, लवकर उतरेल. दादाला घाई आहे ना."

मग बाईंनी त्याला फैलावर घेतलं. तुम्हाला शूर व्हायचं होतं का, म्हणाल्या. भावाचा जीव वाचवायला आलात की घालवायला? आता हा महिना कुठून आणायचा? शिकलेली, बहिणीसारखी वहिनी घरात असून तिचं ऐकायचं नाही म्हणजे काय? तो खाली मान घालून चुकलं चुकलं म्हणत होता. आमच्या घरी कुत्रा कधी येत नाही. मागचं दारही नाही आम्हाला.

बाहेर आल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तोंडातून एवढंच निघालं, "का?"

तो चालता चालता थांबला. तेव्हा मला दिसलं की त्याची पॅन्ट कमरेला सुतळीने बांधलेली आहे.

"तुमच्यासाठी नाही बोललो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दादाला हे कळलं तर तो ऑपरेशन करून घ्यायचा नाही. मला तो माहीतय. म्हणेल, माझ्या घरात माझा भाऊ उपाशी ठेवला, मग मला कशाला जगायचंय."

मी भावजी म्हणून काही सांगायला लागले. त्याने हात वर केला.

"राहू दे. तुम्ही मला काय समजता ते मला पहिल्यापासून माहीतय. मी तुम्हाला काय समजतो ते आज ठरलं. आता गाडी बघू, दादा वाट बघत असेल."

घरी आल्यावर त्याने तीच गोष्ट जयसिंगला सांगितली, फक्त मागच्या दाराच्या जागी किल्ल्याची वाट आली. मीच खात नव्हतो. जयसिंगला उठून बसायचं त्राण नव्हतं, पण तो उठून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा भावावर ओरडला. जन्मभर दुसरं काही केलं नाहीस, नुसतं खाल्लंस, आणि एकदा खायचं काम सांगितलं तर तेही धड जमलं नाही तुला? तुझ्या वहिनीने शाळा सांभाळून तुझी ताटं मोजून वाढली, तिच्या कष्टांवर पाणी ओतलंस. उत्तम पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. मी दारात होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. ऑपरेशन होऊ दे, मग बोलू, असं मनाला सांगितलं.

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. उत्तम घर सोडून गेला नाही. गेला असता तर जयसिंगने कारण विचारलं असतं. तो रोज माझ्यासमोर पाटावर बसायचा. आता एकदाच डोंगर, आणि ताटात भाकरी, उसळ, पनीर, सगळं सोमणबाईंनी सांगितलं तसं. मी वाढायचे, तो खायचा. मध्ये एक शब्द नाही. काटा मी फडताळात ठेवून दिला होता. मी जास्त वाढलं की तो नको म्हणायचा, कमी वाढलं की काहीच म्हणायचा नाही, आणि ते काही न म्हणणं मला सोसायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जयसिंगने मला ओळखलं नाही. पाटबंधाऱ्याच्या जुन्या साहेबाचं नाव घेऊन तो माझ्याशी बोलायला लागला, फाटक बंद करा, पाणी वाढतंय म्हणत. रुग्णवाहिकेतून त्याला पुण्याला नेताना मी त्याच्या पायाशी बसले होते. हा माणूस मेला तर तो एका भाकरीने मेला, असं माझ्या डोक्यात सारखं येत होतं, आणि ती भाकरी मी मोजली होती. उत्तम पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. खंबाटकी घाटात त्याने एकदा वळून भावाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

जयसिंग त्यातून सावरला. अकराव्या दिवशी उत्तमच्या तपासण्या नीट आल्या आणि ऑपरेशन झालं. तेरा तास. दोघेही वाचले.

याला आता बारा वर्षं झाली. जयसिंग निवृत्त झाला, रोज चार किलोमीटर चालतो. उत्तमचं वजन परत वाढलं, पहिल्याएवढं नाही, पण पोट आहे. त्याचा आवाज पूर्वीसारखा लागतो. जत्रेच्या दिवसांत त्याला सवड नसते. मला तो अजूनही आवडत नाही. मोठ्याने बोलतो, फुशारक्या मारतो, चप्पल दारात कशीही टाकतो. हे सगळं मला अजून दिसतं. फक्त पूर्वी हे बघताना मला स्वतःबद्दल बरं वाटायचं, तेवढं आता वाटत नाही.

ते वाक्य मी अजून बोललेले नाही. ऑपरेशननंतर म्हटलं, टाके निघू देत. मग म्हटलं, वर्ष होऊ दे. जयसिंगने मात्र त्या प्रकाराची गोष्ट करून टाकली. पाहुणे आले की सांगतो. आमच्या उत्तमने शूर व्हायला म्हणून स्वतःचं जेवण कुत्र्याला घातलं आणि मला जवळजवळ वर पाठवलं. लोक हसतात. उत्तम तिथं असला तर सगळ्यांत मोठ्याने हसतो आणि कुत्र्याचा रंगसुद्धा सांगतो.

गेल्या महिन्यात जयसिंगचे ऑफिसातले जुने दोघे आले होते. उत्तमही होता. गोष्ट सुरू झाली. या वेळी त्यातल्या एकाने हसून झाल्यावर उत्तमला विचारलं, "अहो पण इतकी भूक मारता कशी आली तुम्हाला? डोंगर चढून आल्यावर?"

उत्तमचा हात आपोआप मनगटाकडे गेला. मला वाटलं, आता. मी पदर सावरला आणि म्हटलं, "खरं म्हणजे त्या वेळी..."

"वहिनी," उत्तम मध्येच म्हणाला, माझ्याकडे न बघता, नोकराला सांगावं तसं, "पाहुण्यांचा चहा राहिलाय."

मी थांबले. जयसिंग हसून म्हणाला, अगं हो, चहाचं बघ ना.

मी उठले आणि आत गेले. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते त्याला माझ्या पाठीवरून कळलं असणार. चहा उकळेपर्यंत बाहेरून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो कुत्र्याचं वर्णन करत होता.